सहा तासांचं औषध

(पहाट. मुंबईतल्या एका रुग्णालयाची हॉट लॅब, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायची खोली. शिशाचं झाकण सरकतं.)

सकाळचे साडेसहा वाजलेत. शिशाच्या या जाड डब्यात अ‍ॅल्युमिना भरलेली एक बारीक नळी आहे आणि त्या अ‍ॅल्युमिनाला मॉलिब्डेनम-99 धरून बसलंय. अर्धायुष्य 66 तास. ते झिजतं तसं त्यातून टेक्निशियम-99एम तयार होत राहतं. स्कॅनआधी रुग्णाच्या शिरेत देतात ते हेच. आता बघा, नळीच्या एका टोकाला सलाइनची कुपी आणि दुसऱ्या टोकाला हवा काढून घेतलेली रिकामी कुपी. रिकामी कुपी सलाइन ओढून घेते आणि सलाइनबरोबर टेक्निशियम उतरतं. मॉलिब्डेनम मात्र नळीतच राहायला हवं. इथली माणसं या कामाला मिल्किंग म्हणतात. रोज धार काढायची, आणि गाय रोज थोडी आटलेली असते.

टेक्निशियमचं अर्धायुष्य 6 तासांचं. सातला काढलेलं औषध दुपारी एकला निम्मं झालेलं असतं.

(शिसेकाचेमागे हात. चिमटा. किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राचा, डोस कॅलिब्रेटरचा आकडा.)

ही तपासणी चुकवता येत नाही. कुपी शिशाच्या भांड्यात ठेवून मोजतात. टेक्निशियमचे गॅमा किरण शिशात अडतात, मॉलिब्डेनमचे जास्त ताकदीचे किरण पार होतात. म्हणजे आत्ता जो आकडा दिसतोय, तो नळीतून निसटलेल्या मॉलिब्डेनमचा. 1 मिलिक्युरी टेक्निशियममागे 0.15 मायक्रोक्युरी, ही मर्यादा. त्यापुढे गेलं की कुपी बाद. याला काही मिनिटं लागतात आणि यंत्र लॅबमध्ये असतंच.

पुढचं काम कोल्ड किटचं. वाशीच्या ‘ब्रिट’कडून, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या आयसोटोप मंडळाकडून येणारी ही भुकटी. ती स्वतः किरणोत्सारी नसते; टेक्निशियम तिला जोडलं जातं आणि ती त्याला हव्या त्या अवयवाकडे नेते. एमडीपी हाडांसाठी, मिबी हृदयासाठी. टेक्निशियम घालायचं, हलवायचं, थांबायचं. मिबीला उकळतं पाणीही लागतं. मग कागदाच्या पट्टीवर एक थेंब. द्रावण वर चढतं, आणि न जोडलं गेलेलं टेक्निशियम किती ते कळतं. जोडणी बिघडली असेल तर हाडांच्या स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर उजळून दिसतात. मग पुन्हा इंजेक्शन, पुन्हा किरणोत्सार, पुन्हा बिल. हे सगळं टाळणारी पट्टी लॅबमधली बहुधा सगळ्यात स्वस्त वस्तू असेल.

(जुन्या काचसामानाची दृश्यं.)

कित्येक वर्षं आपल्याकडचं काम याहून अवघड होतं. भारतीय अणुभट्ट्यांत तयार होणारं मॉलिब्डेनम अशा छोट्या नळीत मावण्याइतकं संहत नसे. म्हणून मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाने टेक्निशियम वेगळं करत. ते हाताने ढवळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, द्रावक उडवून टाकायचं. स्वस्त पडायचं, पण त्यात तंत्रज्ञाचा वेळ जायचा आणि बोटांना किरणोत्सार मिळायचा. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचं काम 1963 साली सुरू झालं; या देशातली न्यूक्लिअर मेडिसिनची कितीतरी माणसं तिथे शिकून बाहेर पडली.

(छातीवरचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सार नोंदवणारा बिल्ला, जवळून.)

अणुऊर्जा नियामक परिषद 1983पासून आहे. परवाना, किरणोत्सार सुरक्षा अधिकारी, हा बॅज, कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा: किरणोत्साराची बाजू आपल्याकडे कडक आहे, आणि असायलाच हवी. पण कुपीतलं द्रव शेवटी शिरेत जातं. ते औषध आहे. भारतीय औषधकोशात, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या अधिकृत ग्रंथात, किरणोत्सारी औषधांचे स्वतंत्र निकष आले ते 2014च्या आवृत्तीत.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात 2004 साली हृदयाच्या स्कॅनसाठी आलेल्या 16 रुग्णांना हिपॅटायटिस सीची लागण झाली. तीन वेगवेगळी क्लिनिकं, पण औषध एकाच न्यूक्लिअर फार्मसीतून, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करून पुरवणाऱ्या ठिकाणाहून आलेलं. तिथे आदल्या दिवशी एका बाधित रुग्णाच्या रक्तपेशींवर काम झालं होतं. डोस कॅलिब्रेटरला विषाणू दिसत नाही. निर्जंतुकतेची चाचणी करावी, तर ती चालते 14 दिवस. तोवर टेक्निशियम कधीच संपलेलं असतं. म्हणून भिस्त हात, जागा आणि सुई यांच्या शिस्तीवर.

(प्रतीक्षाकक्ष. निवेदन नाही. बारा सेकंद.)

आता खर्च. सोमवारी जनरेटर, म्हणजे मॉलिब्डेनमच्या नळीचा तो डबा, 100 धरला, तर शुक्रवारी तो 36वर येतो, रुग्ण येवोत न येवोत. कालवलेली किट काही तासांत वापरावी लागते; एकच रुग्ण असेल तर उरलेली शिशाच्या पेटीत. त्यावर क्लीनरूम, म्हणजे धूळ-जंतू रोखणारी खोली आली की गाळलेली हवा, दाबाची नोंद, कणांची मोजणी, आणि हा खर्च पाच रुग्णांना लागतो तितकाच पन्नासांना. मोठ्या रुग्णालयात तो वाटला जातो. लहान केंद्रात दोन-चार जणांच्या बिलात उतरतो.

अमेरिकेच्या औषधकोशाचं 825 क्रमांकाचं प्रकरण नोव्हेंबर 2023मध्ये लागू झालं, त्यात पायऱ्या आहेत. किट कालवायला वेगळी राखलेली जागा चालते, वापराची मुदत मात्र आखडते. रक्तपेशींच्या कामाला जास्त कडक अटी. आम्हाला ही विभागणी पटते. मॉलिब्डेनमची मोजणी आणि कागदाची पट्टी सगळीकडे सक्तीची हवी, त्यात पैशाची सबब चालू नये. महागड्या भिंती जिथे रक्त हाताळलं जातं तिथे आधी उभ्या राहाव्यात. नाहीतर जिल्ह्याच्या गावातलं केंद्र किट कालवणंच थांबवेल, आणि तिथला रुग्ण हाडांच्या स्कॅनसाठी पुण्या-मुंबईची गाडी धरेल.