नाव नसलेलं वाफेचं इंजिन: बनवलं कुणी?

(इंजिन टेबलावर ठेवत)

नमस्कार मंडळी. हे बघा. तळहातापेक्षा थोडंच मोठं आहे, पण उचलायला गेलात की मनगट खाली येतं. मुंबईच्या चोरबाजारात मिळालं. विकणारे चाचा म्हणाले, "जर्मन है, सौ साल पुराना." चोरबाजारात सगळंच जर्मन असतं आणि सगळंच शंभर वर्षांचं असतं, ते सोडा. पण यावर नाव नाही, नंबर नाही, पट्टी नाही. मग ओळखायचं कसं?

आधी काय करायचं नाही ते सांगतो. ब्रासो घेऊन बसायचं नाही. खेळण्यातल्या बऱ्याच इंजिनांवर कंपनीचं नाव असतं ते नुसत्या पातळ छापाच्या रूपात. दोनदा घासलंत की पुरावा फडक्यावर. आणि बॉयलरवर जुनी पांढुरकी, धाग्यांची गुंडाळी दिसली, तर ती ॲसबेस्टॉस असू शकते, ओरबाडू नका. मी फक्त रॉकेलमध्ये ब्रश बुडवून चिकट तेल काढलं.

आता चाचांचं 'जर्मन' तपासू. जर्मनीत न्युर्नबर्ग हे या खेळण्यांचं माहेरघर. तिथल्या मालावर आद्याक्षरं शोधायची. जीबीएन म्हणजे गेब्रूडर बिंग, ईपी म्हणजे अर्न्स्ट प्लांक, जीसी म्हणजे कारेट. डीआरजीएम असं असेल, तर ती छोट्या शोधांच्या जर्मन नोंदणीची खूण. तो कायदा १८९१चा, म्हणजे वस्तू त्याआधीची नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची मामोद कंपनी १९३७पासूनची. जर्मनीच्याच विलेस्कोची वाफेची इंजिनं १९५०पासूनची.

पण या खेळण्यांत पत्रा आणि पितळ जास्त. (लोहचुंबक चिकटवतो) टक्! म्हणजे पितळ नाही. पत्र्यालाही चुंबक चिकटतो, पण पत्रा इतका जाड आणि जड नसतो. हे बिडाचं आहे, डोशाच्या तव्यासारखं. शिवाय स्वस्त खेळण्यात सिलिंडर स्वतःच झोके घेतो. एकीकडे झुकला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं, दुसरीकडे झुकला की वापरलेली वाफ बाहेर. वेगळा व्हॉल्व्ह लागतच नाही. इथे सिलिंडर ठाम उभा आहे, बाजूला स्टीम चेस्ट, म्हणजे वाफेची पेटी, आत सरकून वाफेची वाट बदलणारा स्लाइड व्हॉल्व्ह, आणि तो सरकवायला शाफ्टवर हा एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सोडून बसवलेली चकती. चांगल्या जर्मन खेळण्यांतही स्लाइड व्हॉल्व्ह सापडतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल नको.

(व्हर्नियर हातात घेत)

माझ्या मते खरी गंमत इथे आहे. फ्लायव्हील मोजलं: ७६.२ मिलिमीटर. कुठला जर्मन माणूस ७६.२चं चाक काढेल? इंचात करा, बरोबर ३ इंच. आता चाक हळूच फिरवून पिस्टन रॉड वर-खाली किती जातो ते बघू. १९ मिलिमीटर आणि वर किंचित. म्हणजे पाऊण इंच, आपल्या फिटरच्या भाषेत सहा सूत. वरचं झाकण काढून सिलिंडरचा व्यास घेतला, तोही सहा सूत.

त्या झाकणाचा नट जवळून दाखवतो. तो काढला, खालच्या स्टडचा आटा साधारण अडीच मिलिमीटरचा. त्यावर हा आजचा एम २.५चा, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या मेट्रिक आट्याचा नट. एक फेरा... दोन फेरे... आणि अडकला. जोर लावायचा नाही! एम २.५च्या दोन आट्यांमधलं अंतर ०.४५ मिलिमीटर, याचं ०.४८. हा सेव्हन बीए, जुना ब्रिटिश आटा. तीन शतांश मिलिमीटरवर जर्मनी कटाप.

उभं इंजिन, पाऊण इंच बाय पाऊण इंच, ३ इंची चाक, बीए आटे: ही ठेवण स्टुअर्ट टर्नरच्या नंबर टेनची, उभ्या प्रकाराची, म्हणजे टेन-व्ही. कंपनी इंग्लंडमधल्या हेन्ली-ऑन-टेम्सची, १९०६ची. ते तयार इंजिनंही विकायचे आणि नुसती ओतीव कास्टिंगंही. कास्टिंगचा संच आणायचा आणि घरच्या लेथवर स्वतः घडवायचं.

आणि हे घरी घडवलेलंच आहे. कशावरून? झाकणावरची भोकं बघा. पाच जागच्या जागी, सहावं जरासं सरकलेलं. त्याच्या शेजारी हा बारीक खड्डा दिसतोय? भोकाची जागा ठोकून खुणावायचा पंच चुकीच्या जागी बसला, मग बाजूला दुसरा मारला. कारखान्यात ड्रिलिंगचा जिग, म्हणजे भोकांच्या जागा ठरवणारा साचा असतो, असं होत नाही. म्हणजे 'बनवलं कुणी' याची उत्तरं दोन. ओतलं हेन्लीवाल्यांनी, घडवलं एका माणसाने, ज्याचा एक पंच हुकला.

मित्र म्हणतो, परळच्या रेल्वे वर्कशॉपमधलाच कुणीतरी असणार. ऐकायला मला पण आवडतं हो, पण पुरावा शून्य.

एवढं मात्र मिळालं. स्टीम चेस्टचं झाकण काढलं, तर आत तेल पिऊन तपकिरी झालेलं कागदी पॅकिंग. कात्रीने वर्तमानपत्रातून कापलेलं. भिंगाखाली धरलं, तर अक्षरं गुजराती, डोक्यावर रेघ नाही! घडवणारा कोण ते यातून कळत नाही; पॅकिंग काय, पुढे कुणीही बदललं असेल. पण गुजराती पेपर ज्याच्या घरी पडलेला असायचा, अशा कुणीतरी हे एकदा उघडून परत नीट बंद केलंय.

ते पॅकिंग मी काढून डबीत ठेवलंय, जागी नवीन घातलंय. बॉयलर नाही, त्यामुळे वाफेची भीती नाही. सायकलचा पंप जोडलाय. चाकाला बोटाने जरा ढकलतो...

(फट्-फट्-फट्)

अरे! शर्टावर तेल उडालं.