पंखावरचं नायट्रोजनचं धुकं

[दृश्य: बोगद्यात बसवलेलं विमानाचं मॉडेल. कॅमेरा पंखाच्या पाठीवर.]

जर्मनीत कोलोनला युरोपियन ट्रान्सॉनिक विंडटनेल आहे, म्हणजे विमानाचं मॉडेल वेगवान वायूच्या झोतात तपासायचा बोगदा. त्यात हवेऐवजी नायट्रोजन फिरतो. द्रव नायट्रोजनचा फवारा मारून तो 110 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 163 अंशांपर्यंत गार करता येतो. गार वायू दाट होतो, त्याचा चिकटपणा घटतो आणि लहानशा मॉडेलवरही खऱ्या विमानाइतका रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाच्या जडत्वाचं त्याच्या चिकटपणाशी प्रमाण) गाठता येतो.

मग आणखी खाली का जात नाहीत?

हिशोब करून बघू. वेग घेण्याआधी वायू 4.5 बार दाबाला, 110 केल्विनला आहे. या दाबाला नायट्रोजन 93 केल्विनच्या आसपास द्रवतो. म्हणजे 17 अंशांची सवड. वेग घेताना वायू प्रसरतो आणि गार होतो: माख 0.85 ला, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या 0.85 पटीला, तो 96 केल्विनवर येतो, दाब 2.8 बारवर उतरतो आणि द्रवण्याची रेषा 87 ला येते. सवड उरली 9. आता पंखाच्या पाठीवर, शॉकच्या (आवाजाहून वेगवान प्रवाह जिथे एकदम मंदावतो त्या जागेच्या) जरा अलीकडे, वेग माख 1.4 झाला असं धरा. तिथे तापमान 79, दाब 1.4 बार, रेषा 80. सवड संपली!

[दृश्य: पंखावरच्या दाबाचा आलेख]

एवढ्यावर थांबलं तर वेग घेण्याआधीच्या तापमानाची मर्यादा 112 केल्विनच्या सुमाराला पडते. पण रेषा ओलांडल्याबरोबर थेंब धरत नाहीत. शुद्ध वायूत थेंबाला जन्म घ्यायला वेळ लागतो, आणि तो पट्टा वायू एका मिलिसेकंदाच्या आत पार करतो. थेंबाला बीज मात्र आयतं मिळू शकतं: फवाऱ्यातला न वाफाळलेला थेंब, नाहीतर नीट न सुकवलेल्या बोगद्यातला बर्फाचा कण.

नासाच्या लँगली केंद्रात रॉबर्ट हॉल यांनी नाका 0012-64 या पंखछेदावर (पंखाच्या छेदाचा एक ठरावीक आकार) हे मोजलं. त्यांचा 1979 चा अहवाल फार मोलाचा आहे. धुक्याचा परिणाम पंखाच्या पुढच्या टोकापासून मागच्यापर्यंत जवळपास एकाच तापमानाला दिसला, म्हणजे थेंब पंखाच्या आधीच, मोकळ्या प्रवाहात धरत होते. थेंब न धरता रेषेच्या थोडं खाली जाता येतं, या सवलतीतून रेनॉल्ड्स अंक 8 ते 19 टक्के वाढू शकतो.

वायूचा जेमतेम 1 टक्का द्रवला तरी सुटलेल्या उष्णतेने प्रवाह सुमारे 2 अंश तापतो आणि पंखावरचा दाब खोटा दिसू लागतो. तो ओळखायचा तर माख आणि रेनॉल्ड्स अंक तेच ठेवून तापमान एकेक अंश उतरवायचं, सोबत दाबही कमी करत जायचं. दाबाचा आलेख आधीच्या आलेखावर बसेनासा झाला की तिथून मागे यायचं.