आढ्याचं पाणी वळचणीला

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तिथल्या डॉर्चेस्टर शहरापासून तीनेक मैलांवर, हायर बॉकहॅम्प्टन इथं रानाच्या कडेला एक गवती छपराचं घर आहे. कादंबरीकार थॉमस हार्डी १८४० साली याच घरात जन्मला, म्हणून लोक ते बघायला जातात. मला मात्र आज बोलायचंय ते घराबद्दल. हे घर गवंड्यांचं. हार्डीच्या पणजोबांनी १८०० च्या सुमारास ते आपल्या मुलासाठी बांधलं. आजोबा आणि वडील, दोघांचाही धंदा बांधकामाचाच.

समोरून बघाल तर वीट दिसते. पण विटेवर भुलू नका. भिंती मुख्यतः मातीच्या आहेत. चिकणमाती, खडी आणि पेंढा पाण्यात कालवायचा, पायांनी तुडवायचा आणि फळ्यांचा साचा न लावता थरावर थर चढवायचे. याला तिकडे कॉब म्हणतात. त्या काळात इंग्लंडात विटांवर सरकारी कर होता, १७८४ साली बसलेला आणि १८५० साली उठलेला. पायाखालच्या मातीवर कर नव्हता!

अशा भिंतीचा वैरी एकच, पाणी. तिकडची जुनी माणसं सांगतात, कॉबच्या भिंतीला बूट चांगले हवेत आणि टोपीही चांगली हवी. बूट म्हणजे खालचं दगडी जोतं, टोपी म्हणजे छप्पर. हे छप्पर उतरतं चांगलं पंचेचाळीस-पन्नास अंशांत. थेंब एका काडीवरून दुसरीवर घसरत खाली येतो. वरची दोन-तीन बोटं ओली होतात, आतला पेंढा कोरडा. पन्हळ नाहीच. आढ्याचं पाणी वळचणीला येतं आणि वळचण इतकी पुढे काढलेली असते, की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. माडीच्या खिडक्यांवर तेच छप्पर भुवईसारखं वर उचललेलं दिसतं.

शाकारणी हे तिथं आजही कसबी कारागिराचं काम आहे. हेझल झाडाची काठी चिरायची, मधोमध पिळून केसांच्या आकड्यासारखी दुमडायची आणि पेंढ्यात ठोकायची. आढं दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागतं. बाकी छपराचा जुना थर बऱ्याचदा तसाच ठेवून वर नवा चढवतात. अडचण येते ती पेंढ्याची. आजचा गहू बुटका, आणि कम्बाइन यंत्रातून निघालेल्या काड्यांचा चुरा झालेला. म्हणून काही शेतकरी मुद्दाम उंच वाढणारा जुना गहू लावतात आणि जुन्या यंत्रानं कापून त्याच्या पेंढ्या बांधतात.

घरात शिरलात की खालच्या मजल्यावरची गज लावलेली लहानशी खिडकी जरूर बघा. हार्डीचे वडील तिथून गड्यांना पगार द्यायचे. गडी बाहेर अंगणात, मालक आत, मध्ये गज.