खोडलेल्या रेषांचा अभ्यास

कलाशाखेचा विद्यार्थी प्रदर्शनात पाऊल ठेवतो, तेव्हा बहुधा त्याच्या डोळ्यांआधी मोबाइल पुढे होतो. फोटो घेण्यात गैर काहीच नाही. मात्र कागदाची जाडी, रंगाचा थर, चित्राची खरी लांबी-रुंदी आणि त्याच्यापुढे उभे राहिल्यावर आपल्या शरीराला जाणवणारे त्याचे प्रमाण फोटोत उतरत नाही, आणि शिकण्यासारखे बरेचसे तिथेच दडलेले असते. अशीच एक विद्यार्थिनी म्हणूनच हातात वही धरून कलादालनात फिरते आणि प्रत्येक कलाकृतीपुढे स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे केले कसे असेल?

दक्षिण आफ्रिकेतील चित्रकार विल्यम केंट्रिज यांच्या चारकोलच्या, म्हणजे कोळशाच्या कांडीने काढलेल्या, रेखाटनांपुढे ती सर्वाधिक वेळ थांबते. १९५५ साली जोहान्सबर्ग येथे जन्मलेल्या केंट्रिज यांनी १९८९ पासून या रेखाटनांतून चलच्चित्रांची एक मालिका उभी केली. रूढ ॲनिमेशनमध्ये हालचालीच्या प्रत्येक टप्प्यासाठी नवे चित्र काढले जाते. केंट्रिज मात्र एकाच कागदावर रेखाटन करतात, कॅमेऱ्याने ते टिपतात, पुन्हा कागदापाशी येऊन त्याचा थोडा भाग पुसतात, बदलतात आणि परत कॅमेऱ्याकडे जातात. चारकोल कधीच पूर्ण पुसला जात नाही. त्यामुळे माणूस पडद्यावर चालत पुढे जातो तेव्हा त्याच्या मागे आधीच्या पावलांचा करडा माग राहतो, आणि वर्णभेदाच्या राजवटीत घडलेले अन्याय विसरू पाहणाऱ्या समाजाविषयी बोलताना हा माग आपोआप आशयाचा भाग होतो.

वही उघडून ती कागदाच्या अगदी जवळ वाकते. सतत खोडल्यामुळे काही ठिकाणी पृष्ठभागावर लव आली आहे, काही ठिकाणी काळी भुकटी दाबली जाऊन गुळगुळीत चकाकी आली आहे. शेजारच्या फलकावरील मजकूर ती नंतर वाचते. (अशा फलकांची भाषा बहुधा इतकी जड असते की आधी चित्र पाहणे केव्हाही शहाणपणाचे.)

घानामध्ये १९४४ साली जन्मलेले आणि नायजेरियातील विद्यापीठात दीर्घकाळ शिल्पकला शिकवणारे एल अनात्सुई यांचे काम तिला वेगळ्या कारणाने अडवते. मद्याच्या बाटल्यांची धातूची टोपणे आणि गळपट्ट्या चपट्या करून, दुमडून आणि तांब्याच्या तारेने एकमेकींना जोडून त्यांनी अवाढव्य पट तयार केले आहेत. दुरून पाहिले तर भरजरी वस्त्र वाटावे, आणि जवळ गेले की टोपणांवर छापलेली नावे वाचता यावीत, अशी त्यांची घडण असते. हे पट कसे टांगावेत, याचा एकच ठरलेला नियम अनात्सुई घालून देत नाहीत. चुण्या आणि घड्या कशा पडाव्यात, हे प्रदर्शन मांडणाऱ्यांनी प्रत्येक वेळी नव्याने ठरवायचे असते. सबमिशनसाठी प्रत्येक कोपरा चोख बसवण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला ही मोकळीक पचायला अवघड जाते.

कोलंबियाच्या दोरिस साल्सेदो यांनी २००७ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील टर्बाइन हॉलच्या काँक्रीटच्या जमिनीत १६७ मीटर लांबीची भेग निर्माण केली. स्थलांतरितांच्या वाट्याला येणारा दुरावा आणि वंशभेद हा तिचा विषय होता. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवण्यात आली, तरी तिचा व्रण जमिनीवर दिसतो. या कामाची विद्यार्थिनीने केवळ छायाचित्रेच पाहिली आहेत, त्यामुळे तिच्या वहीत त्याविषयी दोनच ओळी आहेत, आणि तेच योग्य आहे.

स्टुडिओत परतल्यावर ती भिंतीला कागद लावते आणि मोबाइल स्टँडवर घट्ट बसवते. शिकण्यासाठी नक्कल करायला हरकत नसते. नामवंतांच्या चित्रांवरून रेखाटने करण्याची पद्धत फार जुनी आहे. मात्र केंट्रिज यांच्यासारखी काळवंडलेली निसर्गदृश्ये काढली, तर हाती केवळ त्यांची शैली लागेल. तिने त्यांच्याकडून घेतली आहे ती कार्यपद्धती, आणि विषय निवडला आहे स्वतःच्या रोजच्या पाहण्यातला: रेखाटनासाठी समोर बसलेले मॉडेल उठून गेल्यावर वर्गातील बाकांच्या जागा दिवसभरात कशा बदलत जातात तो. पातळ कागद काही वेळा खोडताच फाटतो, म्हणून ती जाड, खरखरीत कागद घेते. मऊ खोडरबराने डाग नुसता फिकट होतो आणि कडक रबराने कागद ओरबाडला जातो, हे ती एका कोपऱ्यात करून पाहते. त्यानंतर पहिला बाक काढून, त्याचे छायाचित्र घेऊन, ती तो अर्धा पुसते आणि खिडकीच्या बाजूला सरकवते.