शिंक येते आणि जीव दचकतो

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय घरात सहसा कुणी मोठ्यानं काढत नाही. बाळंतपणानंतर खोकला आला, शिंक आली, खळखळून हसू आलं, की थोडी लघवी सुटते. मग लग्नाच्या कार्यालयात शिरल्या शिरल्या आधी बाथरूम कुठं आहे ते पाहून ठेवायचं, पिशवीत पॅड ठेवायचं आणि कुणी विचारलंच तर म्हणायचं, 'मुलं झाल्यावर चालायचंच.' साधारण तीनातल्या एकीला हा त्रास होतो, हे खरं. पण तो मुकाट्यानं सोसायचं काही कारण नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना तिचाच आधार. गरोदरपणात तिच्यावरचं ओझं वाढत जातं, संप्रेरकांमुळे ती सैलावते आणि प्रसूतीच्या वेळी प्रचंड ताणली जाते. सिझर झालेल्यांना धोका कमी, पण नऊ महिने ओझं त्यांनीही वाहिलेलंच असतं.

स्नायू म्हटला की व्यायामानं तो बळकट होतो. अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली यावरचा व्यायाम मांडला. रेडिओ ऐकता ऐकता आत्ताच करून पाहा. चारचौघांत बसलाय आणि गॅस रोखून धरायचाय, असं समजा. तिथला स्नायू आवळून आत, वर ओढा. पोट, मांड्या, कुल्ले सैलच राहू द्या. श्वास चालू ठेवा. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, नाही जमलं तर तीन. मग तेवढाच वेळ पूर्ण सोडा. हे सोडणंच पुष्कळ जणी विसरतात. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजायला बसलात की करून टाका, कुणाला कळणारही नाही. गरोदरपणातच सुरू केलंत तर उत्तम. मात्र लघवीची धार मध्येच थांबवून सराव करायचा नाही. फरक जाणवायला तीनेक महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत कंटाळू नका.

आता आई आणि सासूबाईंसाठी. मालिश, शेक, डिंकाचे नि अळिवाचे लाडू, सगळं कौतुकानं होतं. पण पोट करकचून बांधलं, तर दाब खाली त्या झोळीवरच येतो. बेतानं बांधा. आणि बाळंतिणीला 'पाणी कमी पी' असं सांगणं तर सोडाच! पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि टाक्यांवर नि या स्नायूंवर ताण येतो. भरलेला हंडाही तिला इतक्यात उचलायला लावू नका.

योनीमार्गात जड वाटतंय, काही खाली उतरल्यासारखं वाटतंय, ज्याला आपण 'अंग बाहेर येणं' म्हणतो. शौच किंवा वारा आवरत नाही. संबंधाच्या वेळी दुखतं. यातलं काहीही असलं तर व्यायामावर भिस्त ठेवून थांबू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गावात असाल तर आशाताईंच्या कानावर घाला, त्या दवाखान्यापर्यंत पोचवतील. काही जणींचे हे स्नायू सैल नसून आखडलेले असतात. त्यांना आवळण्याच्या व्यायामानं त्रास वाढू शकतो. त्यांनी आधी ते सैल सोडायला शिकायचं असतं आणि ते फिजिओथेरपिस्ट तपासून शिकवतात.