आडवी बाटली आणि यादीतली नावं

श्रोतेहो, नमस्कार. हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापत असाल, गोठ्यात असाल, काही थांबवायची गरज नाही. फक्त कान इकडं द्या.

आज मी मतदार यादीबद्दल बोलणार आहे. निवडणूक जाहीर झाली की पुढारी, कलेक्टर, शाळेतली प्रभातफेरी, सगळे ‘मतदान करा, मतदान करा’ म्हणून सांगतात. चांगलंच आहे ते. पण ज्याचं नाव यादीत नाही, त्याला ते ऐकून काय उपयोग? आणि तोवर नाव घालायची वेळ बहुतेक टळलेली असते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. शाळेबरोबर बीएलओचं कामही सांभाळायचं. एका मतदान केंद्राची यादी ज्याच्याकडं असते, तो बीएलओ. बहुतेक ठिकाणी गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताई. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर एक गोष्ट ठरलेली असायची. कुणीतरी कार्ड नाचवत यायचं, ‘बाई, हे बघा माझं कार्ड, आणि आत म्हणतात नाव नाही!’ कार्ड खरंच असायचं. पण मत कार्डावर मिळत नाही, यादीतल्या नावावर मिळतं. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना असं दुसरं ओळखपत्र चालतं. उलटं मात्र चालत नाही.

आता जरा नीट ऐका, कारण इथंच लोक फसतात. लोकसभा, विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपालिका, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. कार्यालयं दोन, पण यादी मुळात एकच, विधानसभेची. राज्य आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेला ती यादी जशी असेल तशी घेतो आणि वॉर्डावॉर्डात तोडतो. मुंबईसह एकोणतीस महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ला झालं, त्याला यादी धरली होती १ जुलै २०२५ची. म्हणजे एखाद्या पोरानं ऑगस्टमध्ये अर्ज केला, नाव लागलं, कार्डही घरी आलं, तरी जानेवारीत त्याला मत नाही. दोष कुणाचाच नाही, तारीख गेली.

‘मग हरकत घेऊ की!’ असं म्हणणारे भेटतात. वॉर्डाची प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते, हरकतींना मुदत मिळते, हे खरं. पण त्या वेळी काय दुरुस्त होतं? तुम्ही राहता एका वॉर्डात आणि नाव पडलं दुसऱ्यात, ते. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण वॉर्डाची यादी करताना गळलं, ते. लिहिण्यातली चूक, ती. कोरं करकरीत नवीन नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. म्हणून निवडणुकीचा वाराही नसेल, तेव्हा अर्ज करायचा. आत्ता, या आठवड्यात.

अर्जांचे नंबर तेवढे ध्यानात ठेवा. नवीन नावाला सहा नंबर. मयताचं किंवा गाव सोडून गेलेल्याचं नाव काढायला सात नंबर. पत्ता बदलला, नाव चुकलं, फोटो भलत्याचाच लागला, त्याला आठ नंबर. फोटो, वयाचा दाखला, राहण्याचा पुरावा एवढं लागतं. मोबाईलवरून भरता येतो, नाहीतर बीएलओकडं नाहीतर तहसील कचेरीत द्या. अडलं तर १९५० या नंबरावर फोन करा.

तरुण पोरापोरींनो, पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच नाव लागायचं. फेब्रुवारीत जन्मलेल्याचं वर्ष वाया जायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झाली की अर्ज देऊनसुद्धा ठेवता येतो. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं १९८९ साली, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं. अठराव्या वर्षी मत द्यायला मिळावं म्हणून संसदेत घटना बदलली, आणि आपल्या घरात बारावीचा फॉर्म, सीईटीचा फॉर्म सगळं वेळेत भरलं जातं, पण हा एक फॉर्म राहून जातो.

लेकीसुनांचं दुखणं वेगळंच आहे. लग्न होऊन पोरगी सासरी येते, रेशनकार्डात नाव चढतं, गॅसच्या पुस्तकात चढतं. मताचं मात्र माहेरीच राहतं. ‘राहू दे, मतदानाला तेवढंच माहेरी जाणं होतंय,’ असं हसत सांगणाऱ्या बायका मला भेटल्यात. हौस मला कळते. पण जिथं तुम्ही पाणी भरता, जिथल्या अंगणवाडीत तुमचं लेकरू जातं, तिथला सरपंच निवडताना तुम्हाला मत नको? आठ नंबरचा अर्ज भरला की नाव इकडं येतं आणि तिकडचं निघतं. मुंबई-पुण्याला कायमची बिऱ्हाडं केलेल्यांनाही हेच लागू. दोन्हीकडं नाव ठेवणं हा हुशारीचा भाग नाही. कायद्यानं नाव एकाच ठिकाणी असतं, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर वर्षभरापर्यंतची कैदही होऊ शकते.

या शिळ्या नावांनी खरं नुकसान कुठं होतं, ते आता सांगते.

गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायला आपल्या महाराष्ट्रात मतदान घेता येतं. लोक त्याला ‘आडवी बाटली’ म्हणतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या बायकांनी याच वाटेनं दुकानांना कुलपं लावली. आधी गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. पण जिंकायला आलेल्या बायकांतल्या निम्म्या पुरत नाहीत. यादीत जेवढ्या बायका आहेत, त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात.

समजा, यादीत हजार बायका आहेत. मतदानाला सातशे आल्या. साडेचारशे जणींनी आडवीवर शिक्का मारला, अडीचशे जणींनी उभीवर. आपण म्हणू, जिंकलो! नाही. पाचशेच्या वर हवी होती, दुकान चालू. आता त्याच यादीतल्या दीडशे बायका कोण होत्या ते बघितलं, तर कुणी सासरी गेलेली, कुणी पनवेलला स्थायिक झालेली, कुणी वारलेली. त्यांची नावं वेळेत काढली असती, तर यादी साडेआठशेची झाली असती. तिच्या निम्म्या सव्वाचारशे. त्याच साडेचारशे मतांनी दुकान बंद झालं असतं! जन्मभर दारूला शिव्या घातलेली आजी मेल्यावर उभ्या बाटलीच्या कामी येते, ती अशी. आणि ‘मी नाही जात त्या भानगडीत’ म्हणून घरी बसलेली जिवंत बाईसुद्धा तिच्याच शेजारी.

दुसरं, ग्रामसभा. ग्रामसभेचा सभासद कोण? सातबारा ज्याच्या नावावर तो नव्हे, घरपट्टी भरणारा कर्ता पुरुष नव्हे. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो सभासद. राज्यघटनेतच तसं लिहिलंय. कालपरवा नाव लागलेली अठरा वर्षांची पोरगी आणि सत्तर वर्षांचे पाटील, ग्रामसभेत दोघांचा हात सारखाच मोजला जातो. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला कमीत कमी हजेरी म्हणून, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा लागतो. तेवढेही येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग दहा-बारा जणांत घरकुलाची यादी मंजूर झाली म्हणून पुढं चार महिने पारावर बोंब मारायची.

‘माझ्या एका मतानं काय होतंय’ हे विधानसभेला कुणी म्हटलं तर मी एक वेळ समजून घेईन, लाखांतला मामला आहे. ग्रामपंचायतीत सदस्य सात ते सतरा. एका वॉर्डात मतदार काही शे. हातावर मोजण्याइतक्या मतांनी माणसं पडतात, आणि सारखी मतं पडली की चिठ्ठी टाकतात. एखादं लहान पोर चिठ्ठी उचलतं आणि तुमचा पाच वर्षांचा सदस्य ठरतो. तुम्ही तासभर येऊन गेला असता, तर त्या पोराला त्रास पडला नसता.

आणि बिनविरोध. गावाची एकी झाली म्हणून फटाके वाजतात. कधी कधी ती एकी खरी असते, खर्च वाचतो, भावकीतली डोकी फुटत नाहीत, हे मी नाकारत नाही. पण माझा प्रश्न एवढाच, ती बैठक कुणाच्या ओसरीवर झाली, आणि तिथं बायका किती होत्या? २०२१ साली नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत सरपंचपदाची बोली लागल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. देवळाच्या नावानं बोली लावली म्हणून ती पवित्र होत नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. त्या जागांवर कोण बसणार हे बोलीनं ठरणार असेल, तर आरक्षण कागदावरच राहिलं.

तर करायचं काय? ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा तुम्हाला ठाऊक आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पुढची जी येईल, तिच्यात एक मागणी करा, मतदार यादीचं चावडी वाचन. बीएलओला बोलवा आणि वॉर्डावार नावं मोठ्यानं वाचायला लावा. मयत कोण, सासरी गेलेली कोण, आलेली सून कोण, अठरा पूर्ण झालेलं पोरगं कुणाचं, हे गावाइतकं कचेरीत कुणालाच माहीत नसतं. मयताचं नाव काढताना घरच्यांना वाईट वाटतं, मी पाहिलंय. मृत्यूचा दाखला पुढं करताना हात अडखळतो. त्यांना घाई करू नका, पण अर्ज तिथंच भरून घ्या. सहा, सात, आठ, तिन्ही नंबरचे अर्ज बीएलओला बरोबर आणायला सांगा. आणि सभा दुपारी ठेवायला लावा, सकाळच्या वेळी बायकांना येता येत नाही.

नमस्कार.