पॅसिफिकच्या काठचा वाडा

नमस्कार श्रोतेहो.

एका गटातली मंडळी रातोरात दुसऱ्या गटात गेली. मागे राहिलेल्यांनी ‘नाव आमचं, तिजोरी आमची’ म्हणत कोर्ट गाठलं. कोर्टात जिंकल्यावर त्यांनीच तिसऱ्या गटातली माणसं फोडली. एवढं ऐकून तुमच्यातले निम्मे जण म्हणतील, बाई, रेडिओवर तरी राजकारण नको! पण ही गोष्ट राजकारणाची नाहीच. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळाची आहे.

मला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण माझी लेक शिकायला गेली ती पुलमन नावाच्या गावी. वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे राष्ट्राध्यक्ष राहतात त्या वॉशिंग्टनपासून पार दुसऱ्या टोकाला. स्पोकेनच्या विमानतळावर उतरायचं आणि दीड तास दक्षिणेला जायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाच्या गोल गोल टेकड्या, कुणी गोधडी झटकून पसरावी तशा. त्या भागाला म्हणतात पलूस. मी लेकीला दोनदा विचारलं, पलूसच ना? आमच्या सांगलीकडचं पलूस मला माहीत होतं. योगायोगाची कमाल म्हणजे या पलूसमध्येही मसूर पिकतो, आणि ऑगस्टमध्ये पुलमनला चक्क मसुराची जत्रा भरते. मोठ्या काहिलीत मसुराचं तिखट कालवण शिजवतात आणि येईल त्याला वाढतात. अख्खा मसूर खाऊन वाढलेल्या माणसाला परदेशात आणखी काय हवं?

तर या गावात वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ आहे, आणि विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान आहे. फुटबॉल म्हणजे अमेरिकी. अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर अंग टाकून खेळायचा. मैदानात साधारण ३३ हजार माणसं मावतात. गावाची वस्तीही जवळजवळ तेवढीच. शनिवारी सामना असला की गाव बंद. घरोघरी फ्रिजवर त्या वर्षीच्या सामन्यांचं वेळापत्रक चुंबकाने चिकटवलेलं असतं, आपल्याकडे भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर असतं तसं. लग्न, बारसं, डॉक्टरची वेळ, सगळं ते बघून ठरतं.

त्या वेळापत्रकावर नावं कुणाची असायची? कॉन्फरन्समधल्यांची. कॉन्फरन्स म्हणजे शेजारपाजारच्या विद्यापीठांचा गट. दरवर्षी एकमेकांशी खेळायचं, गटाचा विजेता काढायचा, आणि टीव्हीकडून येईल तो पैसा वाटून घ्यायचा. पुलमनचा गट म्हणजे पॅक-ट्वेल्व. पॅक म्हणजे पॅसिफिक. १९१५ साली पोर्टलंड शहरात चार विद्यापीठांनी मिळून हा संसार मांडला. पुढे माणसं वाढत गेली तसं नाव पॅक-एट झालं, पॅक-टेन झालं, आणि २०११ मध्ये कोलोरॅडो आणि युटा आल्यावर पॅक-ट्वेल्व. राष्ट्रीय विजेतेपदांच्या यादीत देशात सर्वांत वर असणारी तीन विद्यापीठं, स्टॅनफर्ड, यूसीएलए आणि यूएससी, तिन्ही याच घरातली. म्हणून हे लोक स्वतःला ‘विजेत्यांचा गट’ म्हणवून घ्यायचे. वाडा मोठा होता, श्रोतेहो. तुळया सागवानी होत्या.

तो कोसळला तो पैशाने, आणि त्या पैशाची सुरुवात बरीच आधीची आहे. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे कोणते सामने टीव्हीवर दाखवायचे, किती दाखवायचे, हे एनसीएए ही देशभरची संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला, आणि सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, ही मक्तेदारी चालणार नाही. ज्याने त्याने आपला खेळ आपण विकावा. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती होते बायरन व्हाइट. हे गृहस्थ तरुणपणी स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. त्यांचं म्हणणं असं की कॉलेजचा खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, त्याला निव्वळ बाजाराचं माप लावू नका. कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर, ते वकिलांनी बघावं. पण त्या दिवसापासून कॉन्फरन्सचा शेजार हळूहळू दुकान होत गेला, एवढं मला दिसतं.

आता पडझड ऐका. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए, लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं, म्हणाली आम्ही बिग टेनमध्ये चाललो. बिग टेन हा शिकागोच्या आसपासचा, मध्य-पश्चिमेचा जुना गट. त्याच उन्हाळ्यात बिग टेनने तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, सुमारे सात अब्ज डॉलरचा. इकडे पॅक-ट्वेल्वच्या हाती टीव्हीचा नवा करारच नाही. बोलणी लांबत गेली. शेवटी ॲपल कंपनीचा देकार आला: हमीची रक्कम बेताची, बाकी जसे वर्गणीदार वाढतील तसे पैसे. पगाराच्या जागी कमिशन. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो निघालं. हो, त्या बायरन व्हाइट यांचंच कोलोरॅडो. मग ४ ऑगस्टचा शुक्रवार उजाडला. त्या सकाळी उरलेले नऊ जण करार पक्का करायला बसणार होते. सह्या राहिल्या बाजूला, वॉशिंग्टन, म्हणजे पुलमनचं नव्हे, दुसरं, आणि ऑरेगन बिग टेनकडे गेले, आणि संध्याकाळपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व नावाच्या आणखी एका गटाकडे. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅल यांना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने घेतलं.

अटलांटिक कोस्ट! पॅसिफिकच्या काठावर बसलेल्या दोन विद्यापीठांनी आडनावच बदललं म्हणायचं. तेही कमीपणा घेऊन: टीव्हीच्या पैशातला पहिली सात वर्षं साधारण ३० टक्के वाटा. त्यांच्याबरोबरच आलेल्या टेक्ससच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसा नको म्हणून सांगितलं. या नावांचा आता कशाशीच मेळ राहिलेला नाही. बिग टेनमध्ये १८ सभासद, बिग ट्वेल्वमध्ये १६.

यात एक गंमत मला फार आवडली. कॅल आणि यूसीएलए ही सख्खी भावंडं, दोघांवर कॅलिफोर्निया विद्यापीठाचं एकच नियामक मंडळ. धाकटं यूसीएलए पैशासाठी घर सोडून गेलं आणि थोरल्या कॅलची पंचाईत झाली. तेव्हा मंडळाने हुकूम काढला, यूसीएलएने कॅलला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत. तिकडच्या लोकांनी त्याला नाव पाडलं ‘कॅलिमनी’. पोटगीला इंग्रजीत ॲलिमनी म्हणतात, त्यावरून. पोटगी देणारं भावंड मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण मला खरी काळजी वाटते ती फुटबॉलवाल्यांची नाही. ते आठवड्यातून एकदा खेळतात, निम्मे सामने घरी. पैसा आणतो फुटबॉल, गट बदलतो फुटबॉलसाठी, आणि फरफट होते व्हॉलीबॉलच्या, सॉफ्टबॉलच्या मुलींची. लॉस एंजेलिसहून बिग टेनमधल्याच न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाशी खेळायला जायचं म्हणजे जवळजवळ ४ हजार किलोमीटर. आपल्या देशाची उत्तर-दक्षिण लांबी आहे ३,२०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी करून वर आणखी थोडं. आणि घड्याळात तीन तासांचा फरक. बरं, ही शिकणारी मुलं आहेत. लेकीच्या वर्गात प्रयोगशाळेच्या तासाला एक खेळाडू मुलगी असायची. ती वही घेऊन बसमध्ये बसायची आणि उतरेपर्यंत आकडेमोड पुरी करायची, असं लेक सांगायची. हे तेव्हा, जेव्हा प्रवास शेजारच्या राज्यांपुरता होता.

तर बारामधले दहा गेले. उरले दोन. पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हालिस गावचं ऑरेगन स्टेट. दोन्ही शेतीची विद्यापीठं, दोन्ही गावं लहान, टीव्हीवाल्यांना तिथे प्रेक्षकांचे आकडे दिसत नाहीत. एक सांगते. दर शनिवारी सकाळी एका मोठ्या वाहिनीवर फुटबॉलचा कार्यक्रम असतो, दर आठवड्याला वेगळ्या विद्यापीठातून. २००३ पासून त्या प्रत्येक कार्यक्रमाच्या गर्दीत वॉशिंग्टन स्टेटचा किरमिजी झेंडा फडकतो. सामना त्यांचा असो वा नसो. कुणीतरी माजी विद्यार्थी स्वखुशीने तो घेऊन उभा राहतो. इतक्या वर्षांची ही भक्ती बाजारात मोजायला गेलं तर शून्य भरली.

पण या दोघांनी रडत बसण्याऐवजी नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, गट सोडण्याची सूचना जो देईल त्याची संचालक मंडळावरची जागा जाईल. मग मंडळावर उरलं कोण? आम्ही दोघंच! पुलमन ज्या तालुक्यासारख्या काउंटीत येतं तिथल्याच कोर्टात दावा लागला, निकाल यांच्या बाजूने गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. वाडा, वाड्यावरची पाटी, तिजोरी आणि जुनी देणी, सगळं या दोन भावांच्या नावावर झालं.

वाड्याला माणसं मात्र हवीत. एनसीएएचा नियम असा की वरच्या पातळीवरच्या गटात फुटबॉल खेळणारे निदान आठ पूर्ण सभासद पाहिजेत. कमी पडले तर दोन वर्षांची सवलत. त्या दोन वर्षांत, २०२४ च्या मोसमात, शेजारच्या माउंटन वेस्ट गटाने यांना सामने दिले. फुकट नाही, पैसे घेऊन. पण दार उघडलं. वर करारात एक कलम घातलं: आमची माणसं फोडलीत तर दंड, पहिल्या विद्यापीठामागे एक कोटी डॉलर आणि पुढे चढत्या भाजणीने. माउंटन वेस्टवाले जुने जाणते होते, पाहुण्याची नजर कुठे फिरतेय ते त्यांना कळत होतं.

आणि झालं तसंच. १२ सप्टेंबर २०२४ ला बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट फुटले. काही दिवसांत युटा स्टेट. पाच जणांचा दंड साडेपाच कोटी डॉलर. तर यांनी तो दंडच बेकायदा आहे म्हणून पुन्हा दावा लावला! परवापर्यंत मला या दोघांबद्दल हळहळ वाटत होती. हे वाचलं आणि हळहळ जरा आटली. लेकीशी यावरून फोनवर वादही झाला. ती म्हणते, आई, बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. मी म्हटलं, अगं, पण ज्याने होडीत घेतलं त्याचंच वल्हं ओढायचं?

मग सुरू झाला पुढचा खेळ: आठवा कोण? मेम्फिस, टुलेन, टॅम्पाचं साउथ फ्लोरिडा आणि सॅन अँटोनियोचं विद्यापीठ, चौघांनी नाही म्हटलं. लास वेगासचं यूएनएलव्ही आणि एअर फोर्स अकादमी माउंटन वेस्टमध्येच थांबले. या काळात तिकडचे शौकीन काय करतात माहितेय? विमानांचे नंबर बघतात. अमुक विद्यापीठाच्या क्रीडासंचालकाचं खासगी विमान तमुक गावाला उतरलं, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय! आपल्याकडे आमदारांच्या बस कुठल्या रिसॉर्टकडे वळल्या ते बघतात, तेच हे. स्पोकेनचं गॉन्झागा विद्यापीठ आलं, पुलमनहून सव्वाशे किलोमीटरवरचं, बास्केटबॉलमध्ये दोनदा राष्ट्रीय अंतिम फेरी खेळलेलं. पण त्यांच्याकडे फुटबॉलच नाही, त्यामुळे आठच्या मोजणीत ते धरत नाहीत. शेवटी ३० जून २०२५ ला आठवी खुर्ची भरली ती टेक्सस स्टेटने. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन जिथे शिकले ते हे विद्यापीठ. गाव सॅन मार्कोस. पॅसिफिक समुद्र तिथून कुठल्या कुठे. नवा संसार सुरू होण्याची तारीख ठरली १ जुलै २०२६.

आणखी कोण कुठे जाईल, हे विचाराल तर माझी नजर २०३० कडे आहे. बिग टेन आणि बिग ट्वेल्वचे टीव्ही करार त्या सुमारास संपतात. आपल्याच गटाशी, अटलांटिक कोस्टशी, कोर्टात भांडलेल्या फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी मार्च २०२५ मध्ये समझोता केला. त्यात बाहेर पडण्याचा दंड वर्षागणिक कमी होत २०३० च्या आसपास साडेसात कोटी डॉलरवर येतो. मोठ्यांच्या हिशेबात ही रक्कम आवाक्यातली आहे. नोत्र दाम विद्यापीठ मात्र फुटबॉलमध्ये एकटं राहतं, त्याचा एनबीसी वाहिनीशी १९९१ पासून स्वतंत्र घरोबा आहे. त्याने कौल दिला की बाकीचे पाट पुन्हा हलणार. आणि २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत. तेव्हा टीव्हीचा पैसा आता चैनीचा राहिलेला नाही, तो पगारपत्रकाचा झालाय.

लेकीने २०२५ चं वेळापत्रक पाठवलं होतं, तेच फ्रिजवरचं, फोटो काढून. वर जुनंच बोधचिन्ह, पॅक-ट्वेल्वचं. आणि खाली नोव्हेंबरमध्ये ऑरेगन स्टेटचं नाव दोनदा. एकदा त्यांच्या गावी, एकदा आपल्या गावी. मला वाटलं छपाईची चूक. तर चूक नव्हती. गटात दोघंच, मग खेळायचं कुणाशी?

पुढच्या चुंबकावर सॅन मार्कोसचंही नाव येईल. अडीच हजार किलोमीटरवरून ती टेक्ससची पोरं स्पोकेनला उतरतील आणि गव्हाच्या टेकड्यांमधून बसने पुलमनला येतील. सामना नोव्हेंबरात पडला तर मात्र त्यांनी हातमोजे जाड आणावेत. मी एकदा पातळ घेऊन गेले होते.

नमस्कार.